पाचव्या रविवारचा सूर

आकांक्षाच्या बाप्तिस्म्यासाठी पाळकसाहेबांनी जो रविवार दिला तो महिन्यातला पाचवा निघाला, आणि आखाडा बाळापूरच्या चर्चात पाचव्या रविवारी काय गायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाकीच्या चार रविवारांचं अगदी चोख होतं. पहिला आणि तिसरा जुन्या गीतांचा. त्या दिवशी शेषराव आबा, त्यांची पेटी आणि कडव्यागणिक आणखी संथ होत जाणारी चाल. दुसरा आणि चौथा नव्या गाण्यांचा. त्या दिवशी प्रज्ञेश, त्याचा कीबोर्ड, त्याचे ड्रम आणि भिंतीवर ताणलेल्या चादरीवर उमटणारे शब्द. हा ठराव पंचमंडळानं नुकताच एक अख्खी दुपार भांडून, मधे मधे चहा पिऊन आणि शेवटी डोळे मिटून प्रार्थना करून मंजूर केला होता. काही महिन्यांत पाच रविवार येतात, ही गोष्ट एवढ्या मंडळींत एकाच्याही डोक्यात आली नाही. डोळे मिटले होते म्हणून असेल.

शीतल त्या सभेत असती तर तिच्या डोक्यात नक्की आली असती. ती बी.एस्सी. होती, आणि आई झाल्यापासून तिच्या नजरेतून मुंगीसुद्धा नाव सांगितल्याशिवाय पुढे जात नसे. आकांक्षा कधी शिंकली, कोणत्या कुशीवर निजली, दूध पिऊन हसली की हसून दूध ओकली, सगळं तिला तोंडपाठ. त्यातूनच तिनं एक शोध लावला होता. ड्रम वाजले की आकांक्षा रडते. साधं रडणं नव्हे. रडता रडता श्वास धरते, ओठ निळे पडतात आणि शीतलच्या पायाखालची फरशी सरकते. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "काही होत नाही, मोठी झाली की जाईल." पण डॉक्टर सांगताना खुर्चीत बसून होते. निळे ओठ मांडीवर घेऊन कुणी तसं सांगितलं असतं तर शीतलनं विश्वास ठेवला असता.

मागच्याच चौथ्या रविवारी प्रज्ञेशनं काड्या उचलल्या, आकांक्षानं सूर लावला आणि प्रज्ञेश माइकमधून म्हणाला, "वैनी, लेकराला जरा बाहेर न्या ना, आवाजात आवाज येऊन राहिला." सगळ्या चर्चानं माना वळवल्या. शीतल बाहेर कडुलिंबाखाली उभी राहिली आणि तिथंच तिनं ठरवलं, माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याला ढोल नाही.

उलट घरी सासूबाईंनी, पद्माबाईंनी, ते मेंढपाळ आणि कोकराचं जुनं गीत धरलं की आकांक्षा दुसऱ्या ओळीला झोपायची. पद्माबाई गायच्या म्हणजे शब्द बरोबर म्हणायच्या. चाल त्यांना माहीत होती, पण ती गळ्यापर्यंत कधी पोहोचली नव्हती. अख्खं गीत त्या एकाच सुरावर, लांब पल्ल्याच्या ट्रकसारखं, न थांबता नेत. तरी लेकरू झोपायचं. शीतलचा निष्कर्ष सरळ होता. लेकराला जुनी गीतं मानवतात, नवी मानवत नाहीत. शास्त्र शिकलेल्या बाईनं निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष होता, त्यात चूक कुठून निघणार?

आता इथली रीत अशी की बाप्तिस्म्याचं गीत लेकराच्या घरच्यांनी सांगायचं आणि ते चालू असतानाच पाळकांनी लेकराच्या डोक्याला पाणी लावायचं. गीत तुटलं की पाणी थांबतं. ही रीत कुठल्या पुस्तकात नाही, पण पुस्तकात नसलेल्या रीतीच जास्त कडक पाळल्या जातात. म्हणून शीतल पंचमंडळाचे चिटणीस सोनाजी गुरुजी यांच्याकडे गेली. गुरुजी निवृत्त झाले होते. त्यांची छडी निवृत्त झाली होती, आवाज अजून नोकरीत होता.

"ताई, ठरावात पाचवा रविवार न्हाई," गुरुजी म्हणाले. "म्हंजे नियमाप्रमाणं त्या दिवशी गीतच न्हाई."

"मग बाप्तिस्मा मुका करायचा का, गुरुजी?"

"मी तसं म्हणत न्हाई. ठराव म्हणून राहिला."

"ठरावात दुरुस्ती करा ना मग."

"करू की. अर्ज द्या, दोन प्रतींत. सभा ईस्टरनंतर हाय."

"पाळकसाहेब या रविवारी येणार आहेत! त्यांच्याकडे पाच गावं आहेत. हा रविवार गेला की पुढची तारीख ईस्टरनंतरची."

"बघा, म्हंजे दोन्ही बराबरच जमतंय," गुरुजी समाधानानं म्हणाले.

शीतलनं अर्ज दिला. दोन प्रतींत दिला. आणि अर्जाची वाट न बघता कामाला लागली.

घरी नवऱ्याला, प्रेमानंदला, सांगितलं. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." लग्न झाल्यापासून तो दुसरं काही म्हणालाच नव्हता. शीतलला कधी कधी वाटे, याला एकदा तरी भांडायला लावावं, पण भांडायलाही तो तिच्या म्हणण्याप्रमाणेच तयार झाला असता.

शेजारच्या लक्ष्मीबाई कुंपणापाशी आल्या. "काहून गं, तोंड काहून उतरलं?" ऐकून घेतलं आणि हसल्या. "अगं, आमच्या विहारात बी हेच. म्हाताऱ्यांला शांत वंदना पाहिजे, पोरांला डीजे. आमी तोडगा काढला. सकाळी वंदना, संध्याकाळी डीजे."

"मग मिटलं?"

"मिटलं की. आता निसतं दुपारी भांडतेत. तू असं कर, लेकराच्या कानात कापूस घाल."

शीतलनं घालून बघितला. आकांक्षानं एका कानातला काढून तोंडात टाकला. शीतलनं बोट घालून तो काढेपर्यंत तिनं दुसऱ्या कानातलाही काढला. कापसाचा प्रयोग तिथंच आटोपला.

सकाळी तांड्यावरून दूध घेऊन येणाऱ्या नानीबाईनं मापटं ओतता ओतता दुसरा तोडगा दिला. "आमच्या तांड्यावर लगनात म्हाताऱ्या गायच्या. आता बेंजो येतो. म्हाताऱ्या निसत्या बसून ऱ्हातेत, तोंड असून. तू मागं सरू नको. आदल्या दिशी जाऊन त्या पोराच्या ढोलात गोधडी कोंब."

शीतल सुशिक्षित असल्यामुळे तिनं हा सल्ला धुडकावला. पण ट्रंकेतली गोधडी ढोलाच्या मापाची आहे का, हे तिनं एकदा बघून ठेवलं.

मग ती आकांक्षाला कडेवर घेऊन शेषराव आबांकडे गेली. आबांनी पेटी घरीच ठेवली होती. चर्चात ढोलाशेजारी ठेवली तर तिला संगत लागेल, असं त्यांचं म्हणणं.

"आबा, रविवारी कोकराचं गीत पाहिजे."

"पाचवा हाय ना? ठराव काय म्हणतो?"

"ठराव काहीच म्हणत नाही. मी म्हणतेय."

आबांनी तिच्याकडे नीट बघितलं. "सगळी कडवी होतील. अकराच्या अकरा. मधलं एकबी गाळायचं न्हाई. आजकाल लोक पहिलं आन शेवटचं म्हणतेत. मधे कोकरू हरवलेलंच ऱ्हाते."

"सगळी म्हणा."

आबा खूश झाले, पेटी पुढे ओढली आणि भाता हलवला. कुठल्याही पट्टीला हात लावलेला नव्हता, तरी पेटीतून एक सूर निघाला, लांब, भरलेला, थांबायचं नाव न घेणारा.

"हे काय वाजतंय?" शीतल दचकली.

"ती काळी दोन. अडकलेली हाय. माझ्या लग्नापासून. मी तिला काही म्हणत न्हाई, ती मला काही म्हणत न्हाई." आबा हळूहळू भाता हलवत राहिले. "गीतबी मी तिच्यातच बसवून घेतलंय."

शीतलनं खाली बघितलं. आकांक्षाच्या पापण्या जड झाल्या होत्या. "बघा आबा! जुन्या गीताचा परिणाम!"

"मी अजून गीत धरलंच न्हाई, ताई."

शीतलनं ते ऐकलं, पण तिचं मन पुढे धावत होतं. पाळकसाहेब येणार, नांदेडची वन्सं येणार, प्रज्ञेशच्या चकचकीत कीबोर्डपुढं ही पेटी अशी बिघडलेली, आपली आपण वाजणारी. जुन्या गीतांची लाज निघाली तर पुढच्या दहा पिढ्या ढोलच ऐकतील. "आबा, मी ही दुरुस्त करून आणते."

"काहून? चालून राहिली ना."

"माझ्या लेकीचं कार्य आहे. एकसुद्धा खोट नको."

आबांनी बऱ्याच वेळानं पेटी तिच्याकडे सरकवली. वर आपला धुतलेला टॉवेल झाकला, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत दारात उभे राहिले.

हिंगोलीच्या एसटीत एका हातात लेकरू, पायाशी पेटी. कंडक्टर येऊन उभा राहिला.

"तुमचं अर्धं. पेटीचं पूर्ण."

"माणसाला अर्धं आणि पेटीला पूर्ण?"

"सवलत बायांला हाय, ताई. पेटी काही बाई न्हाई."

"मग मांडीवर घेते."

"मांडीवर लेकरू हाय. लेकराला तिकीट न्हाई. त्याला खाली ठेवा अन् पेटी वर घ्या, मला काही तकलीफ न्हाई."

सगळी एसटी ऐकत होती. मागून एक म्हातारा म्हणाला, "पेटी वाजवून दाखवा, मग सोडून देईल." शीतलनं पूर्ण तिकीट काढलं आणि कळमनुरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. पदवीधर बाईला खिडकीबाहेर बघण्याचा एक वेगळा ताठा असतो.

रामप्रसाद हा पेटी दुरुस्त करणारा. त्याच्या दुकानात जमिनीपासून छतापर्यंत पेट्याच पेट्या होत्या. "दत्तजयंतीचे सप्ताह तोंडावर आलेत. गावोगावच्या भजनी मंडळांच्या पेट्या पडल्यात. जयंतीनंतर या."

"मला रविवारी पाहिजे."

"यांनाबी पाहिजे," तो पेट्यांकडे हात करून म्हणाला.

शीतल काही न बोलता स्टुलावर बसली. बोलायचं काम आकांक्षानं अंगावर घेतलं. तिनं जो टाहो फोडला त्यानं समोरच्या कापडदुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं. रामप्रसादनं खुळखुळा वाजवला, बिस्किट दिलं, स्वतःच्या कानांवर हात ठेवले. शेवटी हताश होऊन "आणा इकडं, काय झालं तिला?" म्हणत आबांची पेटी ओढली आणि भाता मारला. काळी दोन घुमली. आकांक्षा गप्प.

त्यानं भाता सोडला, सूर विझला. आकांक्षा सुरू. त्यानं भाता मारला. आकांक्षा गप्प. एका हातानं भाता मारत दुसऱ्या हातानं दुसऱ्याची पेटी दुरुस्त करता येत नाही, म्हणून बिचाऱ्याला समोरचीच दुरुस्त करावी लागली. वरची फळी काढली, पट्टीखालची जुनी स्प्रिंग बदलली, भाता मारून बघितला. पेटी मुकाट. पट्टी दाबली तरच आवाज. "घ्या. नव्यासारखी."

त्याच क्षणी आकांक्षानं पुन्हा गळा काढला.

"भूक लागली असेल," शीतल म्हणाली. तिच्या नजरेतून काही सुटत नसे, ते असं.

संध्याकाळी आबांनी टॉवेल बाजूला केला, भाता हलवला. शांतता. त्यांनी पुन्हा हलवला, कान जवळ नेला. "गेली," एवढंच म्हणाले. शीतलला वाटलं, कौतुक करायची सवय नाही माणसाला.

शनिवारी प्रज्ञेश दारात आला. बाजारात मोबाइलचं दुकान चालवणारा पोरगा, वाईट नव्हता. "सलाम, वैनी. पाचवा रविवार कुणाचाच न्हाई, म्हंजे अर्धा आमचाबी हाय."

"बाप्तिस्मा झाला की मी आकांक्षाला घेऊन घरी जाईन. मग एक गाणं वाजव."

"अन् तोवर?"

"तोवर ढोलाला हात लावायचा नाही."

"कीबोर्डला?"

"कीबोर्डलाही नाही."

"मंग मी हात कुठं ठेवू?"

"जोडून ठेव. उपासना चालू असते."

प्रज्ञेश कबूल झाला. तरी रविवारी सकाळी शीतलनं पिशवीत लंगोटांच्या खाली गोधडी घेतलीच.

चर्च भरलं होतं. पाळकसाहेबांना दुपारी पुढचं गाव गाठायचं होतं, ते घड्याळाकडे आणि देवाकडे आळीपाळीनं बघत होते. सोनाजी गुरुजी अर्जाच्या दोन्ही प्रती मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर. उजवीकडे आबा आणि दुरुस्त पेटी. डावीकडे प्रज्ञेश, हात जोडून. आकांक्षा पांढऱ्या झबल्यात, शांत.

आबांनी गीत धरलं.

*कोकरू माझे निजले रे,*
*मेंढपाळ राखी दार*

पेटी सुरेख बोलली. सूर वर गेला, खाली आला, वळला, पुन्हा वर गेला. जुन्या गीतांची लाज राहिली म्हणून शीतलचा ऊर भरून आला. पाळकसाहेबांनी हात पुढे केले, आणि आकांक्षानं तोंड उघडलं.

पहिला टाहो दुसऱ्या ओळीवर पडला. दुसऱ्यानं तिसरी गिळली. आबांनी आवाज चढवला, तिनं त्याहून चढवला. मंडळी गाता गाता गडबडली, निम्मे दुसऱ्या कडव्यात गेले, निम्मे पहिल्यातच राहिले, आणि गीत तुटलं. गीत तुटलं तसा पाळकसाहेबांचा पाण्याकडे गेलेला हात थांबला.

"जुन्यालाबी रडते की," मागून कुणीतरी म्हणालं.

"आपण असं करू या," पाळकसाहेब घड्याळ बघत म्हणाले, "ईस्टरनंतर..."

"नाही!" शीतल म्हणाली. चर्चात एवढ्या मोठ्यानं ती आयुष्यात बोलली नव्हती. आकांक्षानं श्वास धरला होता. ओठांची कड निळी होत होती. शीतल तिला थोपटत होती, फुंकर घालत होती आणि तिच्या डोक्यात सगळं एकदम धावत होतं. पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी ही झोपते. आबांच्या घरी पेंगली, गीत नसताना. रामप्रसादकडे गप्प झाली, गीत नसताना. आणि सासूबाई, सासूबाई तर एकाच सुरावर...

"आबा, तो सूर!" ती ओरडली. "तो सूर लावा!"

"कोणता?"

"बिघडलेला!"

"तो तर तू दुरुस्त करून आणला!" आबा इतक्या दुःखानं म्हणाले की बायका पदर सावरून बसल्या.

"मग दाबून धरा!"

"दाबून धरला तर गीत कुठल्या हातानं वाजवू? एक हात भात्याला, एक पट्टीला. तिसरा देवानं दिला न्हाई."

शीतल डावीकडे वळली. "प्रज्ञेश! काळी दोन! दाब आणि सोडू नकोस!"

प्रज्ञेशनं जोडलेल्या हातांकडे बघितलं. "वैनी, तुमीच म्हणला होता..."

"दाब म्हणते ना!"

त्यानं एक बोट ठेवलं. कीबोर्डमधून तो सूर निघाला, लांब, भरलेला, न थांबणारा. आकांक्षानं अडकलेला श्वास सोडला, एक हुंदका दिला, आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि ओठ हळूहळू गुलाबी झाले. त्या सुराच्या आडोशानं पद्माबाईंनी आपल्या एकसुरी गळ्यानं पहिली ओळ धरली, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांचा सूर कुणाला चुकीचा वाटला नाही. आबांनी डोळे मिटले. पेटी धरली. मंडळी मागोमाग आली.

तिसऱ्या कडव्याला आकांक्षा झोपली. चौथ्याला पाणी लागलं. पाळकसाहेबांनी आमेन म्हणून घड्याळ बघितलं, पण आबांनी कबूल करून घेतलं होतं. अकराच्या अकरा. प्रज्ञेश एका बोटावर उभा होता. सातव्याला त्याचं बोट थरथरायला लागलं, आठव्याला त्यानं डोळ्यांनी शीतलला विचारलं, बदलू का? शीतलनं मान हलवली. नाही. अजून कोकरू सापडलं नव्हतं.

शेवटी प्रज्ञेशनं आपलं एक गाणंही वाजवलं. ठरल्याप्रमाणे शीतल लेकराला घेऊन आधी बाहेर पडली. लेकरू गाढ झोपलं होतं. जाता जाता तिनं पिशवीतली गोधडी प्रज्ञेशकडे दिली. "आतून नको. वरून टाक. आवाज मऊ येईल." त्यानं टाकली. मऊ आला. कडुलिंबाखाली शीतलनं अख्खं गाणं ऐकलं. वाईट नव्हतं. चाल जरा घाईची होती.

सोनाजी गुरुजींनी अर्जावर शेरा लिहिला, "पाचव्या रविवारी दोन्ही पक्षांनी एकत्र गावे, काळी दोनमध्ये," आणि एक प्रत शीतलला परत केली.

सगळं गोड झालं असं वाटत असतानाच दोन दिवसांनी शेषराव आबा दारात आले. हातात टॉवेलनं झाकलेली पेटी.

"ताई, पोरगं चांगलं हाय. पण पहिल्या आन तिसऱ्या रविवारी एका बोटासाठी त्याला किती दिवस उभं करायचं? अन् त्याच्या त्या यंत्राला लाईट लागते. माझ्या काळी दोनला लागत नव्हती." त्यांनी पेटीवरचा टॉवेल सारखा केला. "तो रामप्रसाद... तिला पुन्हा अडकवून देतो का, विचारशील?"

शीतलनं एकदा आबांकडे बघितलं, एकदा पेटीकडे. मग आकांक्षाला झबलं घातलं.

हिंगोलीच्या एसटीत तोच कंडक्टर. त्यानं पेटी ओळखली.

"काय ताई, पुन्हा बिघडली?"

"नाही," शीतल मान ताठ ठेवून म्हणाली, "बिघडवायला चाललेय. एक अर्धं, एक पूर्ण."